मलावीला निघण्याआधी

नागपूर, १७ मे

चि. कृपा,
सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "आई, तिकडे खेड्यातल्या चर्चमध्ये रविवारच्या भक्तीला गेलं की नक्की काय करायचं असतं?" आणि मी पटकन म्हणून गेले, "काही नाही गं, आपल्यासारखंच." फोन ठेवला आणि मग झोपच लागेना. लाईट गेली होती, कूलर बंद. अंगणात खाट टाकून पडले आणि स्वतःवरच चरफडत राहिले. आपल्यासारखंच म्हणे! तीन आठवडे राहून आलेली बाई लेकीला एवढंच सांगते? म्हणून आज पोहे झाल्याबरोबर वही घेऊन बसले. व्हॉइस मेसेजमध्ये मला नीट बोलता येत नाही, मध्येच दूधवाला येतो. पत्र चार-पाच दिवसांत पुण्याला पोचेल. तू निघणार जूनच्या शेवटी, तोवर दोनदा वाचून होईल.

आम्ही आफ्रिकेत, मलावीला गेलो ते २०१६ च्या जुलैत. तुला त्यातलं काय आठवतं, तर बाबांच्या हातची जळकी खिचडी. नागपूरच्या तीन मंडळ्यांमधले, म्हणजे तीन चर्चमधले, आम्ही सात जण. मी नर्सच्या नोकरीतून नुकती रिटायर झालेली, हाताला काम नव्हतं. सोबत बीपीची दोन यंत्रं, साखर तपासायच्या पट्ट्या, जलसंजीवनीची पाकिटं आणि प्रत्येकाच्या बॅगेत आईनं किंवा बायकोनं कोंबलेला चिवडा. मुंबई, अदिस अबाबा, लिलाँग्वे, आणि तिथून उत्तरेला म्झुझूपर्यंत साडेतीनशे किलोमीटर बस.

निघायच्या आदल्या दिवशी समोरच्या वहिनींनी फाटकावरूनच विचारलं होतं, "काहो ताई, तिकडच्या लोकांना बाटवायला चालल्या का?" वहिनी मनाच्या वाईट नाहीत, त्यांना जे वाटतं ते त्या बोलतात, इतकंच. मी म्हटलं, "वहिनी, तिकडे दहातले सात-आठ जण आधीच ख्रिस्ती आहेत. आपल्या देशात शंभरात दोन-सव्वादोन. बाटवायचंच असतं तर त्यांनी इकडे यायला पाहिजे." त्यावर त्या म्हणाल्या, "मग तुम्ही काहून चालल्या?" मला उत्तर आलं नाही. तुलाही कोणी विचारेल, आणि तुलाही पटकन येणार नाही. न येऊ दे.

एक गोष्ट मला तिकडे जाऊन कळली, ती तू आधीच ऐकून ठेव. आपल्या नागपुरात १८४५ साली आलेला स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी. मलावीच्या उत्तरेकडचं लिव्हिंग्स्टोनिया मिशन सुरू केलं तेही त्याच फ्री चर्चनं, १८७५ मध्ये. म्हणजे नात्यानं ते लोक आपले मावसभाऊच लागतात. हिस्लॉप १८६३ च्या पावसाळ्यात टाकळघाटजवळ पुरात बुडून गेला. तिकडचे मिशनरी रॉबर्ट लॉझ दमदार निघाले, बावन्न वर्षं टिकले, पण त्यांच्या सोबतचे कितीतरी तापानं गेले. मलावी सरोवराच्या काठावर केप मॅक्लिअरला पहिलं ठाणं मांडलं, ते सोडून बांदावेला आले, आणि १८९४ मध्ये शेवटी डोंगरावर चढले. सहा वर्षं खपल्यावर पहिला बाप्तिस्मा झाला, १८८१ मध्ये. हे सगळं मला तिथल्या एका निवृत्त मास्तरांनी सांगितलं. मी त्यांना हिस्लॉपची गोष्ट सांगितली तर त्यांनी वहीत लिहून घेतली. आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला इथेच, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा चर्च एकत्र येऊन झाली, हेही मी अभिमानानं सांगितलं. मी तेव्हा बारा वर्षांची, अप्पांच्या बोटाला धरून गेलेली. मला फक्त गर्दी आठवते. मास्तर म्हणाले, आमच्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या स्कॉटिश मंडळ्या १९२४ मध्येच एकत्र आल्या. मग मी गप्प बसले.

डोंगरावरचं लिव्हिंग्स्टोनिया तुम्हाला दाखवतीलच. खाली सरोवराकाठच्या चितिम्ब्याहून वर जाणाऱ्या रस्त्याला वीस वळणं आहेत, अशी की गाडीतल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं प्रार्थना केली. वर विटांचं मोठं चर्च आहे, त्यात रंगीत काचेची खिडकी आणि खिडकीत डेव्हिड लिव्हिंग्स्टन, ज्या मिशनऱ्याचं नाव या मिशनला दिलं तो. सुंदर आहे, बघून घे. मला सांगायचं आहे ते त्याविषयी नाही.

आमचा दुसरा रविवार खालच्या एका खेड्यात होता. तिथे चर्च नाही, 'प्रार्थनाघर' म्हणतात. एका पाळकाकडे अशी कितीतरी प्रार्थनाघरं असतात. पाळकसाहेब प्रभुभोजनाला आणि बाप्तिस्म्याला येतात, बाकीचे रविवार मंडळीतले वडीलजन चालवतात. हे मात्र अगदी आपल्या उमरेड-भिवापूरकडच्यासारखं. मातीच्या विटांच्या भिंती, वर गवताचं छप्पर, खिडकीच्या जागी नुसती भोकं. बसायलाही विटांचेच ओटे, शेणामातीनं सारवलेले, आणि पुढे जमिनीवर चटया. पुरुष उजवीकडे, बाया डावीकडे. बाहेर आंब्याच्या झाडाला ट्रकच्या चाकाची लोखंडी रिंग टांगलेली, तीच घंटा. एक पोरगा लोखंडाच्या कांबीनं ती बडवत होता, आणि प्रत्येक ठोक्यानंतर मान वळवून आमच्याकडे बघत होता.

भक्ती नऊची. आम्ही पावणेनऊला हजर, कारण आमचे म्होरके बंधू वेळेचे फार पक्के. नवाला तिथे आम्ही सात, तो पोरगा आणि एक बकरी. लोक जमले सव्वादहाला. पायवाटांनी, डोंगराच्या कडेकडेनं, रंगीत चितेंजे गुंडाळलेल्या बायांच्या रांगाच्या रांगा. चितेंजे म्हणजे दोन वारांचं छापील कापड. कंबरेला गुंडाळायचं, पाठीला पोर बांधायचं, थंडी वाजली तर पांघरायचं. तुला दोन लागतील, तिथेच घे. तंग पँटवर भक्तीला जाऊ नकोस.

येणारा प्रत्येक जण आमच्यापाशी थांबून हात मिळवायचा. उजवा हात पुढे आणि डाव्या हातानं उजव्याचं कोपर धरलेलं. बाया तर गुडघ्यात वाकायच्या. आणि म्हणायच्या, "मुली उली?" पहिल्यांदा ऐकलं आणि मी खळखळून हसले. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला अख्खं गाव 'मुली, मुली' करत होतं. तुम्बुका भाषेत त्याचा अर्थ, कसे आहात. आपण म्हणायचं, "नीली माकोरा", मी बरी आहे. आणि आभार मानायला "येवो". एवढे तीन शब्द घोकून जा. इंग्रजी शहरात चालते. खेड्यात ती बोललीस की लोक सावरून बसतात, जसे आपण बँकेत बसतो.

मास्तर सांगत होते, १९६८ मध्ये सरकारनं तुम्बुका शाळांमधून आणि रेडिओवरून काढून टाकली, सगळीकडे चिचेवा आणली. रेडिओवर तुम्बुका परत यायला १९९४ नंतरचे दिवस उजाडले. पण मधल्या सगळ्या वर्षांत रविवारी चर्चमध्ये ती चालूच होती, गाण्यांमधून, शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून. ते हे सांगताना छाती काढून उभे होते. देवाला ते चियूता म्हणतात. येशूला येसू.

आता खुर्चीचं सांगते. त्यासाठीच हे पत्र.

आत गेलो तर सगळ्यात पुढे, लोकांकडे तोंड करून, सात खुर्च्या मांडलेल्या. तीन लाकडी, तीन प्लॅस्टिकच्या, एक घडीची लोखंडी. त्या गावात सात खुर्च्या नाहीत, हे मला दोन दिवस घरोघर बीपी तपासत फिरल्यामुळे ठाऊक होतं. बाकीचे सहा जण बसले. मी उभीच राहिले.

तुझ्या पणजीची गोष्ट तुला माहीत आहे. आजी बायबलबाई होती. मिशनचा पगार महिन्याला काही रुपये, आणि पायात चपला असतील-नसतील, पण गावोगाव फिरून बायांना वाचायला शिकवायची आणि शास्त्र सांगायची. आजीच्या गावाला वर्षातून एकदा मिशनची गोरी मिस साहेब यायची. आजी ती गोष्ट सांगायची तेव्हा तिचा चेहरा उजळायचा. "मिस साहेब येणार म्हणून मी पाटलाच्या वाड्यातून खुर्ची मागून आणली. डोक्यावर. उन्हाची. आणि ती त्यावर बसली, तर मला असं बरं वाटलं की काय सांगू." मला लहानपणी ही गोष्ट आवडायची. कॉलेजात गेल्यावर तिचाच राग यायला लागला. आम्ही चटईवर आणि ती गोरी बाई खुर्चीवर, आणि खुर्ची वाहून आणणार कोण, तर आमचीच म्हातारी? तुलाही हा राग माझ्याकडूनच आला आहे. आठवीतल्या निबंधात तू ते लिहिलं होतंस आणि बाईंनी शेरा मारला होता, 'विचार चांगला, अक्षर सुधारावे'.

तर त्या सात खुर्च्या बघितल्या आणि माझ्या डोक्यात आजीचीच खुर्ची आली. म्हटलं, आपण मिस साहेब व्हायचं नाही. मी हात जोडले, मान हलवली, आणि सरळ जाऊन बायांच्या चटईवर बसले. कडेला एक म्हातारी होती, तिनं सरकून जागा दिली. मला मनातून फार चांगलं वाटलं. खरं सांगते कृपा, तेव्हा मी स्वतःवर खूश होते.

माझी खुर्ची तशीच रिकामी राहिली. घडीची लोखंडी, निळ्या रंगाची, मागच्या पट्टीवर कोणी तरी पांढऱ्या रंगात आकडा घातलेला. मला वाटलं, कोणी तरी उचलून बाजूला ठेवेल, किंवा एखादा म्हातारा बसेल. साडेतीन तास भक्ती चालली आणि त्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सहा पाहुणे आणि एक भोक.

भक्तीचं काय सांगू! गाणाऱ्यांचे चार गट होते, मोठ्यांचा, तरुणांचा, पोरांचा आणि महिलांचा. महिलांच्या संघाला तिकडे उमन्यानो म्हणतात, त्यांचा गणवेश असतो. बाजा नाही, पेटी नाही. एकीनं सूर लावला की बाकीच्या खालून, वरून, मधून शिरतात, आणि भिंतीही गातात असं वाटतं. मग कोणी तरी जीभ हलवून तो आवाज काढतं, लग्नात काढतात तसा, आणि पोरं पाय आपटायला लागतात. आपल्याकडे पुढच्या बाकावरच्या मावशी वळून बघतील असं सगळं. आणि मध्येच त्यांनी शंभरावं स्तोत्र काढलं. शब्द कळेनात, पण चाल? अगं, आजी भाकरी थापताना गुणगुणायची तीच! स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी नेलेली एक चाल उमरेडच्या चुलीपाशीही गेली आणि या गवताच्या छपराखालीही. मी मराठीत गायला लागले. शेजारच्या म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, तोंडाजवळ कान आणला, आणि मग दोघींनी आपापल्या भाषेत शेवटपर्यंत म्हटलं.

मग आमच्या बंधूंचा संदेश. त्यांचं नाव कशाला, माणूस सरळ आहे, पण त्या दिवशी त्यांनी विषय काढला दशमांशाचा. ते वर्ष कसं होतं ते सांगते. पावसानं दगा दिलेला, मका जळून गेलेला, एप्रिलमध्येच सरकारनं राष्ट्रीय आपत्ती जाहीर केलेली. दक्षिणेत जास्त हाल होते, उत्तरेत थोडं बरं, पण बरं म्हणजे काय, तर कणगी निम्मी. अशा लोकांसमोर नागपूरहून आलेला माणूस सांगतोय की आपल्या पिकाचा दहावा भाग. मी चटईवर मान खाली घालून बसले. बंधू इंग्रजीत बोलायचे आणि मास्तर तुम्बुकात सांगायचे. थोड्या वेळानं मला जाणवलं की बंधूंची दहा वाक्यं होतात आणि मास्तरांचं एकच. आणि मग एक म्हातारा उठून बोलायला लागला. तो बसला तर दुसरी एक बाई उठली, हातानं आभाळ दाखवत, मुठी उघडून रिकामे तळवे दाखवत. असे पाच-सहा जण. बंधू गदगदून गेले, त्यांना वाटलं लोक साक्ष देतायत. मी नंतर मास्तरांना विचारलं, काय सांगितलंत हो तुम्ही? ते म्हणाले, "मी सांगितलं, पाहुणे विचारतायत, यंदा तुमचं पीक कसं आलं." आणि चष्मा पुसत म्हणाले, "एवढ्या लांबून येऊन माणूस दुसरं काय विचारेल?"

बंधूंना मी हे आजतागायत सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

मग दान. तिकडे थाळी फिरत नाही, लोक नाचत पुढे येतात. आधी पुरुष, मग बाया, मग पोरं. काही नाणी, चुरगळलेल्या क्वाचाच्या नोटा. आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत ते मक्याची पाच कणसं, वाटीभर शेंगदाणे, भोपळा, एक पाय बांधलेली कोंबडी. ती कोंबडी वेदीपाशी इतकी ओरडली की शेवटच्या प्रार्थनेत वडीलजनांना आवाज चढवावा लागला. भक्तीनंतर बाहेर त्या वस्तूंचा लिलाव झाला, थेट आपल्या उपकारस्तुतीच्या सणासारखा. अप्पा एकदा एका पपईला चाळीस रुपये देऊन आले होते आणि आईनं त्यांना दोन दिवस बोल लावले होते, ते आठवलं. कोंबडी तरुण संघानं घेतली. आणि ती आमच्याच ताटात आली, हे मला जेवताना कळलं.

जेवण आंब्याखाली. पोरी गुडघ्यांवर बसून तांब्यानं प्रत्येकाच्या हातावर पाणी घालतात. मग न्सिमा, म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट घाटा, हातानं गोळा करून कालवणात बुडवायचा. मीठ नसतं त्यात, घाबरू नको. सोबत भोपळ्याच्या पानांची भाजी, सुकवलेले बारीक मासे. मला वाढलं त्यात कोंबडीचा पेटा होता. तो मानाच्या माणसाला देतात. तू नर्सच्या घरात वाढलेली मुलगी, लाख वेळा हात धुशील, पण ताटाला नाही म्हणू नकोस. पाणी उकळलेलं माग, तेवढं चालतं.

आणि जेवताना मास्तर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ती बाई विचारते, खुर्ची खराब होती का?"

कोण बाई? त्यांनी हनुवटीनं दाखवलं. चटईवर मला जागा देणारी तीच म्हातारी. ती निळी खुर्ची रस्त्यावरच्या दवाखान्याची. तिनं सकाळी अंधारात निघून डोक्यावरून आणलेली, जाऊन-येऊन अडीच-तीन तास. दवाखान्याच्या माणसानं द्यायला खळखळ केली तेव्हा ती म्हणाली होती, "माझी पाहुणी येणार आहे, ती दाई आहे, बायांचं बघते, तिच्यासाठी पाहिजे." म्हणजे खुर्ची माझ्याच नावानं आली होती! आणि मी साडेतीन तास तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते, तिच्या खुर्चीकडे पाठ न करता, समोर बघत.

माझा घास तिथेच राहिला. मी उठले, आत गेले, खुर्ची उचलून आंब्याखाली आणली आणि सगळ्यांसमोर तिच्यावर बसले. पट्टी तापलेली होती. म्हातारी उठली, तांब्या घेऊन आली, माझे हात पुन्हा धुतले, जरी ते नुकतेच धुतलेले होते. आणि हसली. दात दोनच. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी बघितलेलं होतं, चुलीपाशी, शंभर वेळा.

तिकडे बाईला कुळाच्या नावानं हाक मारतात, पुढे 'न्या' लावून. तिचं कूळ गोंडवे, म्हणून न्यागोंडवे. मी बाबांना हे सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. तुला त्यांचं दगडांचं वेड ठाऊक आहे. म्हणाले, "अगं, गोंडवन! आफ्रिका आणि आपण एकेकाळी एकाच खंडात होतो, आणि त्या खंडाला नाव दिलं आपल्या गोंडांच्या मुलखाचं. तो तुझा हिस्लॉपही इथल्या खडकांतली पानांची जीवाश्मं गोळा करत फिरायचा." नावांचा काही संबंध नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण त्या दिवशी त्यांनी न्यागोंडवेला माहेरची करून टाकली.

आता एक कडू गोष्ट. निघताना आमच्या बंधूंनी त्या मंडळीला सांगितलं की आम्ही छपराला पत्रे पाठवू. कोणी मागितले नव्हते. मास्तरांनी हे वाक्य मात्र शब्दाला शब्द तुम्बुकात सांगितलं, आणि बाया पुन्हा तो आवाज काढायला लागल्या. नागपूरला परत आल्यावर दोनदा वर्गणी निघाली. एकदा ख्रिसमसला, एकदा ईस्टरला. मग मंडळीच्या कंपाउंडची भिंत पडली आणि सगळं तिकडे वळलं. जे जमलं होतं ते पाठवलं, पण त्यात अर्धं छप्परही झालं नसणार. मी तीनदा विषय काढला. चौथ्यांदा काढला नाही, ती माझी चूक. तू तिकडे कोणाला काही पाठवीन म्हणू नकोस. फोटो पाठवीन असंसुद्धा नाही, जर पाठवायची खात्री नसेल. आणि भक्ती चालू असताना मोबाईल बाहेर काढू नकोस. आमच्यातल्या एकानं संपूर्ण लिलाव शूट केला आणि लोकांनी भोपळ्याची बोली थांबवून त्याच्यासाठी केस सारखे केले.

बाकीचं थोडक्यात. पीतज्वराची लस घेतली की ती पिवळी पुस्तिका पासपोर्टातच ठेव. मलेरियाच्या गोळ्या परत आल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेत तितके दिवस घ्यायच्या, मध्येच सोडायच्या नाहीत. स्वेटर ने. आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून मी गेले होते, आणि डोंगरावरच्या जुलैनं मला नागपूरच्या जानेवारीपेक्षा जास्त कुडकुडवलं. पाहुण्यांना दोन शब्द बोलायला उभं करतातच. भाषण तयार करू नकोस. नाव सांग, गाव सांग, घरी कोण कोण आहे ते सांग, आणि एक गाणं मराठीत म्हण. उपासनेच्या गाण्यांची जुनी वही तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. चाल सोपी असेल ते निवड, दुसऱ्या कडव्याला ते तुझ्यासोबत गात असतील.

तुमचा गट त्याच रस्त्यानं जाणार आहे असं तू म्हणालीस. चितिम्ब्याच्या अलीकडे त्या दवाखान्यापाशी विचार, मास्तरांचं नाव सांगितलं तरी कोणी पण दाखवेल. ते मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिलं आहे. मास्तर असतील तर त्यांना संत्र्याची बर्फी दे, डबा मी रेल्वेनं येणाऱ्या कोणासोबत पुण्याला पाठवते. न्यागोंडवे असेल की नाही, देव जाणे. तेव्हाच सत्तरीच्या पुढे होती. असली तर तुला कुठे बसवेल तिथे बस.

आणि छपराकडे बघ. पत्रे आहेत, की अर्धे पत्रे आणि अर्धं गवत, की सगळं गवतच. जे असेल ते मला कळव. फोटो नको, नुसतं कळव.

बाबा विचारतायत, तिथला एखादा दगड आणता येईल का. कस्टमवाले काय म्हणतील ते त्यांना मी सांगितलं आहे.

तुझी,
आई